एकच माठ

‘या शाळेच्या अंगणात जातिभेदाचे वारे कधीही शिरले नाही. स्थापनेपासून येथे पाण्याचा एकच माठ होता आणि सारी मुले त्याच माठाचे पाणी पीत.’

निंबसरीच्या प्राथमिक शाळेच्या शताब्दी स्मरणिकेत, पान अकरावर, हा मजकूर छापला जायचा होता. मुद्रिते तपासून झाली होती. यातले दुसरे वाक्य अक्षरशः खरे आहे, हे मी आजही शपथेवर सांगेन. माठ एकच होता. पाणी सगळे त्याचेच पीत. असत्याला खोटी विधाने लागतात असे ज्यांना वाटते, त्यांनी अधिकृत इतिहास फारसे वाचलेले नसावेत. उत्तम प्रतीचे असत्य खऱ्या वाक्यांचेच रचलेले असते. फक्त एखादे वाक्य लिहायचे राहून जाते. येथे राहून गेलेले वाक्य असे होते, की त्या माठापर्यंत कोणाचा हात पोहोचत होता आणि कोणाचा नाही.

मजकूर माझा होता. स्मरणिकेची संपादक मी होते. आधाराला माझे जुने शिक्षक शितोळे गुरुजी यांचे पत्र होते; शिवाय मी स्वतः त्याच शाळेत शिकलेली, म्हणजे प्रत्यक्षदर्शी. इतिहासाच्या प्राध्यापिकेला आणखी काय हवे?

डिसेंबर १९९९ची गोष्ट. चौथीच्या वर्गशिक्षिका ताहेरा मुलाणी यांनी समारंभासाठी मुलांकडून गटप्रकल्प करून घ्यायचे ठरवले होते. विषय होता, ‘आपल्या गावात समान हक्क कसे आले?’ एका गटाकडे गावची विहीर, दुसऱ्याकडे देऊळ, तिसऱ्याकडे शाळा. बाईंनी मला पुण्याहून बोलावले ते संशोधन म्हणजे काय हे मुलांना सांगण्यासाठी. मी सांगितले. जे आमच्या विभागातल्या संशोधकांना सहा महिन्यांत समजत नाही ते या पोरांना अर्ध्या तासात समजले. आधी कागद पाहायचा, मग माणसाकडे जायचे. एकच प्रश्न निदान तिघांना विचारायचा. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही.

“आणि एक,” मी म्हणाले, “कुणी ‘त्या काळी तसं होतं’ म्हटलं, तर ते उत्तर धरायचं नाही. काळ काही करत नसतो. माणसं करतात. मग काय विचारायचं?”

“कुणी केलं?” वर्ग एका सुरात ओरडला.

मी फार समाधानाने हसले, असे मुलाणीबाई नंतर म्हणाल्या.

शाळेच्या गटात चौघे होते. त्यांत बोलणारे दोघे. हर्षद जगदाळे हा तोंडाळ, सदैव नाकावर पेन्सिलीचा डाग असलेला मुलगा आणि संबोधी ही आजोळी राहणारी, कमी बोलणारी मुलगी. तिने पहिल्याच दिवशी मला विचारले होते, “मॅडम, जुन्या रजिस्टरात नाव का कापलं ते लिहिलेलं असतं?”

“कुणाचं नाव?”

“माझ्या आजीचं. ती चौथीत होती इथं. मग नव्हती. विचारलं की म्हणते, झालं ते झालं.”

“असतं लिहिलेलं,” मी म्हणाले. “शोधू या.”

वऱ्हांड्यात समारंभासाठी जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले होते. पितळी घंटा, नकाशे, तक्ते. मधोमध नवी काच घालून, चौकटीत बसवलेला, सन १९६१-६२च्या इयत्ता चौथीचा कामवाटपाचा तक्ता टांगला होता. एकतीस नावे, आठवड्याचे सहा वार, आणि पाणी, फळा, सारवण, झाडलोट अशी चार कामे. खाली शितोळे गुरुजींची सही. शाईचा रंग विटकरी झाला होता, पण अक्षर असे की पाहत राहावे. ‘ळ’ची वळणे तर मोत्यांसारखी. ‘पूर्वीची शिस्त व सुवाच्य अक्षर’ अशी चिठ्ठी त्याखाली चिकटवली होती. येणारा प्रत्येक जण तेथे थांबून म्हणे, हल्ली असे अक्षर राहिले नाही. मीही थांबले होते. जरा जास्तच वेळ.

तो तक्ता त्याच्या मजकुरासाठी वाचला तो मात्र हर्षदने, आणि तोही स्वार्थापोटी. त्याची स्वतःची झाडलोटीची पाळी आठवड्यातून दोनदा येई, याचा त्याला भारी राग होता. पूर्वीही असाच अन्याय होता का, हे तो काचेवर बोट फिरवत मोजत होता.

“अबब! मॅडम, हितं बघा,” तो ओरडला. “या ध्रुपदाला तर सोमवार ते शनिवार, रोजच झाडू! हिनं काय कुणाचं घोडं मारलं होतं?”

बाकीचे दोघे खिदळले. संबोधी पुढे आली. तिने काचेला नाक लावून नाव वाचले, ‘ध्रुपदा रामा ओव्हाळ’.

“ही माझी आजी आहे,” ती म्हणाली.

हर्षदचे बोट काचेवरच राहिले. मग त्याला काही सुचेना म्हणून तो पुन्हा मोजू लागला, या वेळी मोठ्याने. झाडलोटीत आणि सारवणाच्या शेणात तीच तीच सहा नावे फिरत होती. पाण्याच्या रकान्यात पंचवीस जणांची नावे होती. ती सहा सोडून.

“पाण्याच्या पाळीला काय करायचं असायचं, मॅडम?” संबोधीने विचारले.

“आडावरून पाणी आणायचं, माठ भरायचा. आणि मधल्या सुट्टीत ओगराळ्यानं सगळ्यांना पाणी द्यायचं.”

“सगळ्यांना पेल्यात?”

मी उत्तर देण्याआधी एक क्षण गेला. तो क्षण मला अजून मोजता येतो.

“काहींना पेल्यात,” मी म्हणाले. “काही जण पायरीखाली ओंजळ धरायचे. वरून ओतायचे.”

“काही म्हणजे हेच सहा?”

“हेच सहा.”

एकच माठ! माझ्या हातातल्या मुद्रितावर ते वाक्य जसे होते तसेच होते. मला त्या क्षणी आला तो राग. थंड, स्वच्छ आणि, कबूल करते, काहीसा सुखाचा. राग शितोळे गुरुजींवर होता. प्रजासत्ताकाला बारा वर्षे झाली होती. रोज सकाळी आम्हा मुलांकडून समतेची प्रार्थना म्हणवून घेणारा माणूस दुपारी या तक्त्यावर सही करत होता आणि चाळीस वर्षांनी मला सुरेख अक्षरात ‘एकच माठ’ असे पत्र पाठवत होता.

मुलाणीबाईंनी शाळेच्या जुन्या दप्तराची पेटी उघडली. जनरल रजिस्टरात नोंद सापडली: ‘ध्रुपदा रामा ओव्हाळ, इयत्ता चौथी. नाव कमी केल्याची तारीख १४ मार्च १९६२. कारण : सतत गैरहजर.’

संबोधीने ते वहीत उतरवले. तिचा चेहरा पडला. “म्हणजे तीच येत नव्हती.”

“आपण एकाच कागदावर थांबतो का?” मी म्हणाले.

वाळवीने सोडलेल्या गठ्ठ्यात त्या वर्षाचा हजेरीपट होता. मुलांनी जून ते मार्च एकेक चौकट मोजली, दोनदा. ध्रुपदाचे वर्षभरातले खाडे तीन. तेरा मार्चपर्यंत हजर. चौदाला नाव कापलेले.

“तीन खाडे म्हणजे सतत?” हर्षद म्हणाला. “माझे तर जुलैतच अकरा झालेत. मग मला कुणी कापलं न्हाई ते?”

“गप रे,” मुलाणीबाई म्हणाल्या. मुलांना पाण्यासाठी बाहेर पाठवून त्या माझ्याकडे वळल्या. “मॅडम, शताब्दीचे कमिटीवाले काय म्हणतील? मार्चात माझी बदलीची यादी लागायची आहे. आणि माझं नाव मुलाणी आहे. ‘ही बाई आमच्या गावाला डाग लावते’ असं म्हणायला कुणाला वेळ लागायचा नाही.”

“दोष गावाचा नाही, एका माणसाचा आहे,” मी म्हणाले. “आणि तो माणूस मी तुमच्यासमोर उभा करते.”

गट आधी आजीकडे गेला. नियम नियम असतो. मी गेले नाही. ओळखीच्या माणसासमोर साक्षीदार मोकळा बोलत नाही, असे कारण मी दिले. मुले परतली ती ध्रुपदाबाईंचे शब्द जसेच्या तसे लिहून घेऊन. संबोधीने वाचून दाखवले:

“‘मार्चातली गोष्ट. ऊन लय. पाणी वाढणारी पोरगी आत गेली हुती. वंजळ धरून धरून हात दुखाय लागलं. म्हणून मी पायरी चढले आन पेला बुडवून प्याले. गार हुतं. एकच पेला. कुणीतरी बघितलं आन गुर्जींना सांगितलं. गुर्जींनी माठ फोडला. माझ्या बापाला चावडीवर बोलावलं, त्यानं घरी येऊन मला हाणलं. मग शाळा न्हाई.’ मी विचारलं, कुणी सांगितलं. आजी म्हणाली, ‘ज्यानं सांगितलं त्यानंच सांगावं. मी कशाला कुणाचं नाव घालू?’”

हर्षदने खाली मान घालून भर घातली, “आजींनी आम्हाला पाणी दिलं. पेल्यात.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शितोळे गुरुजींच्या ओसरीवर होतो. सत्तरीचे गुरुजी सुपात वालाच्या शेंगा सोलत बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“ये कुमुद, ये. बस. आणि ही सेना कुठली?”

“चौथीची,” हर्षद म्हणाला. “आम्ही संशोधन करतोय. तुम्ही बोललेलं जसंच्या तसं लिहिणार.”

“अरे बापरे! मग जपून बोललं पाहिजे.”

“न्हाई,” हर्षद म्हणाला, “जपून बोललं तर तसं पण लिहिणार.”

गुरुजी हसले. मी हसले नाही. संबोधीने वही उघडली. “गुरुजी, पाण्याच्या पाळीत सहा जणांची नावं का नव्हती?”

हातातली शेंग हातातच राहिली. “तू कुणाची गं?”

“ध्रुपदा ओव्हाळांची नात.”

गुरुजींनी सूप बाजूला सरकवले. ते म्हणाले, “त्या काळी, बाळ...”

“‘त्या काळी’ चालत न्हाई,” हर्षद तत्परतेने म्हणाला. “कुणी केलं ते सांगायचं.”

येथून पुढची सूत्रे मी हाती घेतली. मुलांना शिकवलेल्या एकाही नियमात याला जागा नव्हती. पण मी वीस वर्षे कागदपत्रांतल्या मेलेल्या माणसांची उलटतपासणी केली होती, जिवंत माणूस पहिल्यांदाच हाती लागला होता.

“तक्त्यावर सही कुणाची आहे, गुरुजी?”

“माझी.”

“रजिस्टरात ‘सतत गैरहजर’ कुणी लिहिलं? तीन खाडे होते तिचे.”

“मीच. खरं कारण लिहायला तिथं रकाना नव्हता.”

“रकाना होता. ‘कारण’ असंच त्याच्या डोक्यावर छापलं होतं. हिंमत नव्हती.”

“नव्हती,” ते म्हणाले. त्यांनी वाद घातला असता तर मला बरे वाटले असते.

“आणि माठ?”

“फोडला. गावातले तिघे समोर उभे होते. म्हणाले, तुम्ही फोडता की आम्ही फोडू, आणि आम्ही फोडला तर माठावर थांबणार नाही. मी फोडला. ती पोर पायरीपाशी उभी होती. तिच्या हनुवटीवरून अजून पाणी ओघळत होतं.” त्यांनी संबोधीकडे पाहिले. “हे लिही, बाळ. सावकाश लिही. मी थांबतो.”

पेन्सिलीचा आवाज तेवढा येत राहिला.

“आणि हे सगळं केल्यावर,” मी म्हणाले, “तुम्ही मला पत्र लिहिलंत. एकच माठ! माझ्या नावावर ते छापलं जाणार होतं. सहा मुलांना वेगळं काढणारी यादी तुम्ही केलीत, आणि...”

“यादी माझी नाही, कुमुद.”

“सही तुमची आहे.”

“सही माझी आहे. यादी वर्गप्रमुखाची. जूनमध्ये मी एवढंच म्हटलं, सगळ्यांना काम मिळेल असा तक्ता करून आण. दोन दिवसांनी तक्ता आला. इतका सुंदर, की मी आधी अक्षरच बघत राहिलो. मग नावं वाचली. ती सहा कुठं आहेत आणि कुठं नाहीत, ते बघितलं. मला फार हलकं वाटलं. मला स्वतःला सांगावं लागलं नाही ना! कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. मी सही केली.”

“वर्गप्रमुख कोण होतं?” संबोधीने विचारले.

गुरुजींनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. “ते मी नाही सांगायचा. तुझ्या आजीनं नाव घेतलं का?”

“नाही.”

“मग मी कोण घेणार?”

“थांबा, थांबा,” हर्षद वहीची पाने भराभरा उलटू लागला. “आपण भिंतीवरची आदर्श वर्गप्रमुखांची पाटी उतरवली होती न्हवं? एकोणसाठ-साठ... साठ-एकसष्ट... हं, एकसष्ट-बासष्ट.” तो अडखळत वाचू लागला आणि मग त्याचा चेहरा कौतुकाने फुलला. “मॅडम! हिचं नाव अगदी तुमच्यासारखंच आहे! कुमारी कुमुद केशव आठल्ये!”

हर्षदने एकदा माझ्याकडे, एकदा गुरुजींकडे पाहिले. मग त्याचे तोंड हळूहळू मिटले.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ती नंतर आठवली असे मी म्हणणार नाही. वऱ्हांड्यातल्या त्या चौकटीसमोर मी पहिल्या दिवशी थांबले, तेव्हाच अक्षर ओळखले होते. ते ‘ळ’ माझे होते. मनातून सुखावले होते आणि विनयाने कोणाला सांगितले नव्हते. एकतीस नावांत मी माझे वळण पाहिले, नावे पाहिली नाहीत. हर्षदने ती मोजली तेव्हाही मला राग आला तो सही करणाऱ्याचा. मजकूर लिहिणारा हातही असतो, हे ज्ञान मी पोटापाण्यासाठी इतरांना विकत होते.

संबोधीने पान उलटले. नव्या पानावर तारीख घातली, त्याखाली माझे नाव लिहिले. एका शब्दाचाही जोर न वाढवता तिने विचारले, “मॅडम, तोच प्रश्न. पाण्याच्या पाळीत सहा जणांची नावं का नव्हती?”

“असं बघ,” मी म्हणाले, “तेव्हाची एकंदर सामाजिक परिस्थिती...”

“मॅडम,” हर्षद अगदी हलक्या आवाजात म्हणाला, जणू मला परीक्षेत चोरून उत्तर सांगत होता, “ते ‘त्या काळी’सारखंच झालं.”

सुपात एक शेंग तडकन फुटली. गुरुजी वर पाहत नव्हते. मी नऊ वर्षांच्या त्या मुलीच्या पेन्सिलीकडे पाहिले. टोक कागदाला टेकलेले होते आणि हलत नव्हते. मग मी बोलले. मध्ये एकदा तिने मला थांबवले, “सावकाश मॅडम, जसंच्या तसं लिहायचंय,” आणि मी थांबले. वाक्य पुन्हा सांगितले. बदलून नव्हे.

लिहून झाल्यावर तिने वही मिटली. “आजीला वाचून दाखवू?”

“दाखव,” मी म्हणाले. “आणि मी येऊ का, तेही विचार.”

दुसऱ्या दिवशी निरोप आला. ध्रुपदाबाई म्हणाल्या होत्या, वाचलं ते पुरे. बाईंनी यायची गरज नाही.

कमिटीने दोन बैठका घेतल्या. मी संपादक म्हणून एवढेच कळवले, की पान अकरा बदलेल किंवा स्मरणिकेवरचे माझे नाव आणि मजकूर दोन्ही निघेल, आणि तसे का, हे मी वर्तमानपत्रांना लिहीन. अपराधी माणूस स्वतःच कबुली छापा म्हणून हटून बसल्यावर मुलाणीबाईंवर ठपका कसा ठेवायचा, हे कोणाला सुचले नाही. त्यांची बदली झाली नाही. संबोधीच्या हट्टावरून रजिस्टरातल्या ‘सतत गैरहजर’ या शेऱ्याशेजारी तांबड्या शाईत ‘हजेरीपटाशी विसंगत; खाडे तीन’ अशी नोंद झाली. तिच्याखाली सही शितोळे गुरुजींची आहे.

माझा मजकूर गेला. त्या जागी इयत्ता चौथीच्या तिसऱ्या गटाचा अहवाल छापला गेला. त्यात तीन साक्षी आहेत. शेवटची मी येथे उतरवते आहे, एकही शब्द न बदलता, कारण नियम माझाच आहे:

‘ती यादी मी केली. मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाचं नाव पाण्यात घालायचं नाही, ते मला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते आठवत नाही. त्या दिवशी पाणी वाढायची पाळी माझी होती. मी आत खडू आणायला गेले होते. बाहेर आले तर ध्रुपदा पेला बुडवून पीत होती. मी धावत जाऊन गुरुजींना सांगितलं. मला कुणी पाठवलं नव्हतं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. गुरुजी काही बोलले नाहीत. माठ फुटल्यावर ध्रुपदा माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवा माठ आला. त्यावर खडूनं ‘पिण्याचे पाणी’ असं लिहायचं होतं. ते मला लिहायला सांगितलं. माझं अक्षर चांगलं होतं.’